गुप्तेबाईंचा रिपोर्ट

कुलूप नवव्या घावाला सुटलं. मालिनीने हातातला दगड चिखलात टाकला, कडी ओढून मुलींच्या संडासाचं दार सताड उघडलं आणि मागे घोळक्याने उभ्या असलेल्या मुलींना म्हणाली, "जा. एकेक करून जा. घाई करू नका."

एकही मुलगी हलली नाही. त्या सगळ्या तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. पाठारे हेडमास्तर धोतराचा सोगा वर धरून, डबकी चुकवत, शाळेच्या मागच्या अंगाला येत होते.

"गुप्तेबाई, हे काय चालवलंय?"

"मुलींना जायचंय."

"किल्ली माझ्याकडे आहे, मागायची होती."

"दोन वर्षं मागतेय सर. तीन अर्ज दिलेत लेखी. आज हिराचं नाव पटावरून काढायला सांगितलंत तुम्ही. मग म्हटलं, आता मागायचं नाही."

पाठारे बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. उजवा तळवा दगडाने सोलवटला होता आणि बोटं थरथरत होती. वाऱ्यावर कागद फडफडावा तशी. ऐन श्रावणातल्या गारव्यात तिचं पोलकं घामाने पाठीला चिकटलं होतं. त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, तुमची प्रकृती ठीक दिसत नाही. घरी जा. शशिकांतरावांना मी निरोप पाठवतो."

मालिनीला त्यांच्या रागापेक्षा ही माया जास्त झोंबली.

बदलापूरच्या त्या शाळेत ती आठ वर्षं शिकवत होती. आठ वर्षांत तिला कायम केलेलं नव्हतं. दर जूनमध्ये नवा कागद मिळायचा. शाळा दौलतरावांच्या संस्थेची. चोपन्न साली ग्रँटसाठी इन्स्पेक्टर येणार म्हणून घाईघाईने शाळेमागे मुलींसाठी दोन संडास बांधले होते. इन्स्पेक्टरांनी पाहिले, शेरा चांगला दिला, ते ठाण्याला परत गेले, आणि आठवड्याच्या आत दाराला कुलूप लागलं. खेड्यातल्या मुली घाण करतात, पाणी टाकत नाहीत, भंगी आठवड्यातून दोनदाच येतो, असं पाठाऱ्यांचं म्हणणं. किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात असायची. कमिटीची सभा असली की निघायची. मुलगे कुंपणापलीकडे माळावर जात. मुली कुठेच जात नसत.

जूनमध्ये सातवीत आठ मुली होत्या. श्रावणात पाच उरल्या. तिसरी गळालेली हिरा. चामटोलीहून रोज पायी यायची. गणितात वर्गात पहिली. सातवीची परीक्षा पास झाली असती तर मास्तरीण होऊ शकली असती, आणि तिला व्हायचंही होतं. त्या सकाळी तिची आई कौसाबाई शाळेत आली होती. व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली, आत यायला तयार नव्हती.

"बाय, पोरीला आता धाडत नाय शाळंत."

"अहो पण का? सात-आठ महिनेच राहिलेत परीक्षेला."

"ताप भरतो नि उतरतो. लघवीला आग व्हते, कंबर धरून रडते. कल्यानच्या दवाखान्यात नेली. डाक्टर म्हनला, पोरगी पानीच पीत नाय, नि दाबून धरते. घरी इचारलं तं म्हनते, सकाळी पानी प्यायलं का शाळंत जायला लागतं." कौसाबाईने पदराने तोंड पुसलं. "शिकून काय करायचं बाय, पोरच राह्यली नाय तं?"

मालिनी पाठाऱ्यांकडे गेली. त्यांनी हजेरीचा पट पुढे ओढला, म्हणाले, "नाव काढून टाका मग." आणि चष्मा पुसू लागले. त्यानंतर ती शाळेमागे गेली आणि तिने दगड उचलला.

आजारी होती हेही खोटं नव्हतं. गेल्या होळीपासून तिचं अंग झडत चाललं होतं. भूक मात्र राक्षसासारखी लागायची. चार भाकऱ्या खाऊन उठली तरी तासाभरात पोटात खड्डा. छातीत धडधड व्हायची, झोप यायची नाही, फळ्यावर लिहिताना अक्षर वेडंवाकडं उमटायचं. आणि राग. घरात पितळेचं भांडं पडलं तरी ती ओरडायची. मुलगी कुंदा पंधरा वर्षांची, शांत स्वभावाची. तिच्या हातून एकदा दुधाचं पातेलं लवंडलं तर मालिनीने तिच्या पाठीत दोन धपाटे घातले होते. मग स्वतःच मोरीत जाऊन रडली होती.

तिचे यजमान शशिकांतराव अंबरनाथच्या कारखान्यात हेडक्लार्क होते. स्वभावाने सरळ, पण कोणाशी वाकडं घ्यायला नको म्हणणारे. कुलपाचा निरोप कळला तसे त्यांनी तिला आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली न बघितल्यासारखी केली, "मनाचं आहे, बायकांना या वयात होतं," म्हणाले आणि ब्रोमाइडची बाटली दिली. महिनाभर ती बाटली पिऊन मालिनीला दिवसा पेंग यायची, धडधड तेवढीच. मग कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं की निर्वासितांच्या पाच नंबरच्या कॅम्पात सिंधहून आलेले डॉक्टर हिंगोरानी आहेत, हुशार आहेत. म्हणून एका रविवारी दोघं अंबरनाथहून टांग्याने उल्हासनगरला गेली.

डॉक्टरांचा दवाखाना लष्कराच्या जुन्या बराकीत होता. मध्ये गोणपाटाचा पडदा, अलीकडे दवाखाना, पलीकडे त्यांचं बिऱ्हाड. पडद्याआडून पापड भाजल्याचा वास येत होता. हिंगोरानींनी मालिनीला हात पुढे करायला लावले, पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरू लागला. मग त्यांनी तिला पेलाभर पाणी दिलं आणि ती घोट घेताना तिच्या गळ्याकडे बघत राहिले.

"गुस्सा बहुत येतो?"

"येतो," मालिनी म्हणाली.

"फार येतो," शशिकांतराव म्हणाले.

"आपको नहीं पूछा," डॉक्टर शांतपणे म्हणाले. तिच्या तळव्यावरच्या जखमेच्या व्रणाकडे त्यांनी बोट केलं. "इसपर क्या लगाया? आयोडीन? टिंक्चर?"

"हळद."

"अच्छा केलं. खोकल्याचं औषध घेतलं? नाही? ही टेस्ट खुनातलं आयोडीनच मोजते. बाहेरून आयोडीन अंगात गेलं तर आकडा खोटा येतो बाई, मग आपण कागद बघून घाबरणार. खून मुंबईला पाठवायचं. पंधरा दिवस लागतील."

पंधराचे वीस दिवस झाले. रिपोर्ट आला तो एक पातळ निळसर कागद. त्यावर टाइप केलेली एक ओळ आणि तिच्यापुढे आकडा, साडेबारा.

"ये साडेबारा आपका," हिंगोरानी म्हणाले. त्यांनी पेन्सिलीने कागदाच्या कडेला एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला आठ लिहिलं. "तंदुरुस्त माणूस या दोघांच्या मध्ये. चारच्या खाली गेला तर माणूस सुस्त, थंड, सुजलेला. आठच्या वर गेला तर असं. गळ्यात इथे एक ग्रंथी आहे, थायरॉईड. लोहाराचा भाता समजा. तुमचा भाता रात्रंदिवस चालू आहे. म्हणून भूक, म्हणून घाम, म्हणून दिल धडधड. नुसता आकडा बघून मी औषध देत नाही. आकडा, तुमची नाडी, तुमचे हात, सगळे एकच गोष्ट बोलतात, म्हणून देतो. तीन महिने गोळ्या. घसा दुखला, ताप आला, तर गोळी बंद करायची आणि त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. हे विसरायचं नाही."

परतताना टांग्यात शशिकांतरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं, निदान कळलं तरी," ते म्हणाले. "म्हणजे तुझा काही दोष नव्हता."

मालिनीला तेव्हा हायसं वाटलं. त्या शब्दांत काय दडलं होतं ते तिला नंतर कळलं.

घरात सगळेच बदलले. ती चिडली की कुंदा खाली बघून "हो आई" म्हणायची. शेजारच्या सुहासिनीबाई नळावर दुसऱ्या बायकांना हळूच सांगायच्या, "त्यांचं मनावर घेऊ नका हो, गळ्याचं दुखणं आहे." आणि शशिकांतराव तर भांडायचेच थांबले. पूर्वी ती एक बोलली की ते दोन बोलायचे, ताट सरकवायचे, चपला घालून बाहेर जायचे. आता ते आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसून राहायचे, मान हलवायचे आणि शेवटी विचारायचे, "गोळी घेतलीस का?"

तिने एकदा त्यांना हिराची सगळी हकीकत सांगायला घेतली. चामटोलीपासूनची चाल, दवाखाना, कौसाबाई. अर्ध्यावर तिचा आवाज चढला. शशिकांतराव उठले आणि पाण्याचा पेला घेऊन आले. तिने तो पेला भिंतीवर फेकला. त्यांनी काचा गोळा केल्या. त्या संध्याकाळी मालिनीला वाटलं, यापेक्षा यांनी मारलं असतं तरी चाललं असतं.

शाळेने तिला बिनपगारी रजा दिली होती. ऑक्टोबरमध्ये पाठारे स्वतः घरी आले, सोबत कुंदासाठी सीताफळं घेऊन आले. खुर्चीवर बसून त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"दौलतराव फार भडकले होते. संस्थेच्या मालमत्तेची मोडतोड म्हणजे पोलिसांत द्यायचीच गोष्ट. पण मी रिपोर्टचं सांगितलं. म्हटलं, अहो, ती बाई शुद्धीवर नव्हती. तर ते म्हणाले, मग लिहून द्या, विषय संपला. दिवाळीनंतर रुजू व्हा. कदाचित कायमसुद्धा करतील."

कागदावर पाठाऱ्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: *माझ्या प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे माझ्या मनावरील ताबा सुटून माझ्या हातून सदर कृत्य घडले. तसेच शाळेच्या व्यवस्थेबाबत मी वेळोवेळी केलेले तक्रारअर्जही त्याच अस्वास्थ्यातून लिहिले गेले असल्याने ते मागे घेत आहे. सोबत वैद्यकीय अहवाल जोडला आहे.*

"अर्जांचं कशाला?" मालिनीने विचारलं. "पहिला अर्ज दोन वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा मी ठणठणीत होते."

"ते रोग आधीपासून आत असतात बाई. आपल्याला कळत नाहीत." पाठारे उठले. "घाई नाही. विचार करा. चिडू नका, तुम्हाला चांगलं नाही ते."

ते गेल्यावर शशिकांतराव म्हणाले, "सही करून टाक. खोटं थोडंच लिहिलंय? आजारी होतीसच की. कागद आहे."

त्यात खोटं कुठे आहे, ते तिला दाखवता येईना. आणि तिचा खरा संताप त्यावरच होता. ती स्वतःवरच विश्वास ठेवीनाशी झाली होती. कुंदाच्या पाठीत धपाटे घातले ते भात्याने, हे तिला पटलं होतं. पेला फेकला तोही भात्याने असेल. मग कुलूप कोणी फोडलं? अर्ज कोणी लिहिले? कौसाबाईपुढे उभी असताना तळपायापासून जे पेटत वर आलं होतं, तेही त्या निळसर कागदावर मावत होतं का? तिने सही केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कागद भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवला आणि गोळ्या घेत राहिली.

नोव्हेंबर सरताना ती एकटीच कॅम्पात गेली. दुसरं रक्त आधीच मुंबईला जाऊन आलं होतं.

"सहा पूर्णांक दोन," हिंगोरानी म्हणाले. त्यांनी पहिला रिपोर्ट काढून त्यावरच्या पेन्सिलीच्या रेघेवर चार आणि आठच्या मध्ये टिंब दिलं. "बघा, बरोबर मध्यात. वजन पाच पौंड वाढलं. झोप?"

"येते. भांडं पडलं तरी ओरडत नाही आता." ती थांबली. "डॉक्टर, एक विचारू? साडेबारा होते तेव्हा मला जो राग यायचा, त्यातला माझा किती आणि या ग्रंथीचा किती, हे कागदावर कळतं का?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. पडद्यापलीकडे कोणीतरी सिंधीत पोरांना दटावत होतं.

"बाई, ये आकडा इतनाही बोलता है की भाता किती जोरात चालतोय. भात्यात कोळसा कोणी टाकला ते यात नाही. ती टेस्ट अजून निघाली नाही." मग जरा वेळाने ते म्हणाले, "आम्ही कराचीहून आलो ना, तेव्हा बोटीवर माझी माँ तीन दिवस कोणाशी बोलली नाही. लोक मला म्हणायचे, तुम्ही डॉक्टर आहात, हिला औषध द्या. मी नाही दिलं. तिला दुःख होतं, बीमारी नव्हती. आता तुम्ही बघा. आज सहा आहे. त्या गोष्टीची आज आठवण काढा. राग येतो?"

मालिनीने आठवण काढली. खांबाला टेकून उभी राहिलेली कौसाबाई. पट पुढे ओढणारे पाठारे. चष्मा पुसायला काढलेला तो रुमाल. तिने आपला हात टेबलावर ठेवला होता. हात स्थिर होता.

"येतो," ती म्हणाली. "तेवढाच येतो."

"तर मग तो तुमचा," हिंगोरानी म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

कमिटीची सभा पुढच्या शनिवारी दुपारी शाळेतच होती. मालिनी न बोलावता गेली. पाचजण बसले होते, मध्ये दौलतराव. भरदार माणूस, बोलणं लोण्यासारखं. "या बाई, या. बरं वाटतं ना आता? सही आणलीत?"

तिने दुसरा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. "हा परवाचा. तंदुरुस्त माणसाचा आकडा चार ते आठ असतो. माझा सहा आहे. डॉक्टरांची सही खाली आहे."

"वा. आनंद आहे."

"आता हे वाचते. मीच लिहिलंय." तिने पिशवीतून अर्धा ताव काढला. आवाज चढू द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं, पण ठरवायची गरजच पडली नाही. "संडासाचं कुलूप मी फोडलं. तेव्हा मी आजारी होते आणि शुद्धीवरही होते. कुलपाची भरपाई देईन. माफी मागणार नाही. माझे तिन्ही अर्ज खरे होते, आणि हा चौथा. मुलींसाठी बांधलेले संडास मुलींना उघडे करा. यंदा सातवीतून तीन मुली गेल्या. हा अर्ज लिहिताना मी आजारी नव्हते, म्हणून रिपोर्ट जोडला आहे. त्याची नक्कल आणि अर्जाची नक्कल मी आज सकाळी टपालाने ठाण्याला इन्स्पेक्टरसाहेबांकडे पाठवली आहे."

पाठारे टेबलाच्या कडेकडे बघत होते. दौलतरावांनी रिपोर्ट उचलला, उलटा केला, पाठीमागचा कोरा भाग बघितला आणि परत ठेवला.

"बाई, तुम्ही जरा बाहेर बसता?"

ती व्हरांड्यात बसली. पाऊण तासाने पाठारे बाहेर आले. डिसेंबरअखेर तिची गरज संपली, असं त्यांनी सांगितलं. नोकरी कायम नव्हती, त्यामुळे कारण द्यायची जरूर नव्हती.

"एकदा आजारी होते म्हणाला असतात, तर आम्हा सगळ्यांनाच सोपं झालं असतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच वाईट वाटल्याचा सूर होता.

"तुम्हाला सोपं झालं असतं, सर," मालिनी म्हणाली. "ते मला ठाऊक होतं."

शशिकांतराव कारखान्यातून आले तेव्हा दिवेलागण झाली होती. कुंदा आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. मालिनीने पान वाढलं, आणि त्यांनी पहिला घास घेतल्यावर सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, सभेपासून डिसेंबरअखेरपर्यंत.

त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"मला विचारलंसुद्धा नाहीस? इन्स्पेक्टरला कागद पाठवलास? आठ वर्षांची नोकरी घालवलीस, एका कुलपापायी? उद्या दौलतराव माझ्या साहेबाच्या कानाला लागले तर काय तोंड दाखवू? अक्कल गहाण टाकली होतीस?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही मला पाणी आणून दिलं असतंत."

"काय?"

"पाण्याचा पेला. दोन महिने मी तोंड उघडलं की तुम्ही पाणी आणता."

"आजारी होतीस म्हणून आणत होतो. आता नाहीयेस ना आजारी? मग आता ऐकून घे." आणि त्यांनी ऐकवलं. तिच्या हट्टापासून तिच्या माहेरच्या हट्टापर्यंत, लग्नातल्या मानपानापासून मागच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत, जे जे दोन महिने पोटात साठलं होतं ते सगळं. मालिनीनेही एकाला दोन उत्तरं दिली. सुहासिनीबाईंच्या घरातलं बोलणं बंद झालं, म्हणजे त्या भिंतीला कान लावून होत्या. कुंदा दारात येऊन उभी राहिली आणि आईवडिलांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

बोलून बोलून शशिकांतराव दमले. पानातला भात गार झाला होता. त्यांनी तो उगाच बोटाने इकडचा तिकडे केला. मग अजून धुसफुसतच, खाली मान घालून त्यांनी विचारलं, "पण मला एक सांग. कुलूप असतं म्हणतेस. मग मुली दिवसभर जातात तरी कुठे?"

मालिनी त्यांच्याकडे बघत राहिली. दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. पाठाऱ्यांनी नाही, कमिटीने नाही, इन्स्पेक्टरने नाही.

"कुठेच नाही," ती म्हणाली.

"कुठेच नाही म्हणजे? सकाळपासून पाचपर्यंत?"

"हो."

शशिकांतरावांनी कुंदाकडे पाहिलं. त्याच शाळेतून ती तीन वर्षांपूर्वी सातवी पास झाली होती. कुंदाने नजर खाली वळवली आणि दाराच्या चौकटीवर नखाने रेघ ओढू लागली.

शशिकांतरावांनी ताट बाजूला सरकवलं, तांब्यातल्या पाण्याने हात धुतला, दोन्ही हात मांडीवर ठेवून नीट मांडी घालून बसले आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांग."